खुलताबादच्या कबरी आणि अफलातूनचा प्रश्न

दौलताबादचा घाट चढून खुलताबादच्या पठारावर आलेल्या प्रवाशाची वाट सहसा वेरूळकडे वळते. कोणी भद्रा मारुतीचे दर्शन घेतो, कोणी दर्ग्यात चादर चढवितो आणि लेण्यांच्या ओढीने पुढे निघतो. परंतु राज्य कोणी करावे, कशाच्या अधिकाराने करावे आणि ते कशाच्या बळावर टिकते, या प्रश्नांचा विचार करू पाहणाऱ्याने या लहानशा गावात घटकाभर थांबणे उचित ठरेल. दक्षिणेचा इतिहास घडविणारे तीन राज्यकर्ते येथील मातीत विसावले आहेत. १६२६ साली वारलेला मलिक अंबर, १७०७ साली अहमदनगरजवळ देह ठेवलेला औरंगजेब आणि १७४८ साली निवर्तलेला निजाम-उल-मुल्क आसफजहा. पहिला गुलाम म्हणून विकला गेलेला, दुसरा जन्माने शाहजादा आणि तिसरा बादशहाचा सुभेदार म्हणून आलेला व स्वतंत्र घराण्याचा संस्थापक ठरलेला.

२०२५ सालच्या मार्च महिन्यात यांपैकी एका कबरीवरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ती असावी की नसावी यावर सभा गाजल्या, नागपुरात दंगल झाली आणि खुलताबादेत पोलिसांचा बंदोबस्त बसला. त्या गदारोळात कबरीविषयी पुष्कळ बोलले गेले. राज्य करणे या क्रियेविषयी मात्र फारच थोडे. वस्तुतः ज्या राज्यकर्त्याचा आपण निषेध करतो तो नेमका कोठे चुकला, हे न कळता केलेला निषेध पुढच्या पिढीला काही शिकवीत नाही. हा विचार करण्यासाठी एक जुने माप उपलब्ध आहे. ते ग्रीकांचे आहे आणि वाटते तितके परकेही नाही.

भाषेत उरलेले ग्रीक

एखादी गोष्ट फारच उत्तम झाली की मराठी माणूस ती ‘अफलातून’ झाली असे म्हणतो. अफलातून म्हणजे प्लेटो, हे त्याच्या गावीही नसते. ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव अरबी उच्चारातून फारसीत आणि फारसीतून आपल्या बोलीत आले व येथे विशेषण होऊन बसले. ‘हिकमत’ या शब्दाचा मूळ अर्थ तत्त्वज्ञान, शहाणपण. आपण त्याचा अर्थ युक्ती असा केला. ‘कायदेकानू’ मधील कानू हा शब्द मूळ ग्रीक, अरबांच्या हातून आपल्याकडे आलेला. हकिमाची ‘युनानी’ म्हणजे आयोनियाची विद्या आणि आपला ‘यवन’ हा शब्दही त्याच आयोनियाची खूण सांगतो.

शब्द एकटे प्रवास करीत नाहीत. त्यांच्याबरोबर विचारही येतात. ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र अरबी पंडितांनी आत्मसात केले आणि तेराव्या शतकात नसिरुद्दीन तुसी याने त्या परंपरेचे सार ‘अखलाक-इ-नासिरी’ या फारसी ग्रंथात आणले. व्यक्तीची नीती, घराची व्यवस्था आणि राज्याचा कारभार ही त्याची तीन अंगे ग्रीक विभागणीवरच बेतलेली आहेत. अकबराच्या दरबारात हा ग्रंथ आवडीने वाचला जाई. लेखणीचे, तलवारीचे, व्यापाराचे आणि शेतीचे लोक ही राज्याची चार महाभूते असून त्यांतील एकही बलवत्तर झाले की राज्यशरीराचा समतोल ढळतो, हा तुसीचा विचार अबुल फजलाच्या लेखनातही उतरला आहे. याच परंपरेत एक ‘न्यायाचे वर्तुळ’ सांगितले जाते आणि त्याचे जनकत्व अरस्तूकडे म्हणजे ॲरिस्टॉटलकडे दिले जाते. सैन्यावाचून राज्य नाही, द्रव्यावाचून सैन्य नाही, रयतेवाचून द्रव्य नाही आणि न्यायावाचून रयत नाही, असे ते वर्तुळ आहे. ॲरिस्टॉटलच्या अस्सल ग्रंथांत ते सापडत नाही; त्याच्या नावावर खपलेल्या एका अरबी पुस्तकातून ते पसरले. तरीही अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्याचे कौतुक वाटावे असेच ते आहे, कारण राज्याच्या जमाखर्चाची दोन्ही बाजूंची नोंद एका वाक्यात मांडणारे सूत्र याहून सुटसुटीत क्वचितच आढळेल.

बादशहाची तक्रार

१६६० च्या दशकात मोगल दरबारी वावरलेला फ्रेंच वैद्य बर्निए याने एक प्रसंग नोंदविला आहे. औरंगजेब तख्तावर बसल्याचे कळताच त्याचे जुने गुरुजी मानमरातबाच्या आशेने दरबारी आले. बादशहाने त्यांना एकांतात बोलावून चांगलेच फैलावर घेतले. तुम्ही माझे बालपण अरबी व्याकरणाच्या घोकंपट्टीत घालविलेत. शेजारची राज्ये किती बलाढ्य आहेत, त्यांचे उत्पन्न किती, ती कशाने चढतात आणि कशाने पडतात, राजाचे प्रजेशी आणि प्रजेचे राजाशी कर्तव्य काय, यांतले काहीच मला सांगितले नाही. ते शिकविले असते, तर अरस्तूने सिकंदरावर केलेल्या उपकाराहून मोठे उपकार मी मानले असते, असा त्या बोलण्याचा मथितार्थ.

हे शब्द औरंगजेबाचे किती आणि बर्निएचे किती, याविषयी इतिहासकारांना शंका आहे आणि ती रास्तही आहे. परंतु प्रसंग काल्पनिक मानला तरी त्यातील प्रश्न खरा आहे. राज्य करणे ही शिकविता येण्याजोगी विद्या आहे काय? सॉक्रेटिसाने हाच प्रश्न अथेन्सच्या चौकात विचारला होता. चांभाराने जोडा शिवायला शिकावे लागते, तांडेलाला वारा-पाणी ओळखावे लागते. मग नगराचे सुकाणू मात्र कोणीही, काहीही न शिकता कसे धरतो? इ. स. पूर्व ३९९ मध्ये सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायमंडळाने त्याला मृत्युदंड दिला. तेव्हा तरुण असलेल्या प्लेटोने त्यातून एक कठोर निष्कर्ष काढला. गर्दीच्या हाती राज्य देणे म्हणजे शहाण्याच्या हाती विषाचा पेला देणे होय. म्हणून ‘रिपब्लिक’ मध्ये त्याने तत्त्वज्ञ राजाची कल्पना मांडली. ज्याला सत्तेचा लोभ नाही, ज्याची स्वतःची मालमत्ता नाही आणि ज्याला सत्य कळले आहे, त्यानेच राज्य करावे.

आता हे माप घेऊन औरंगजेबाच्या कबरीपाशी उभे राहावे. शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. वर छत्र नाही, घुमट नाही. टोप्या शिवून मिळविलेल्या काही रुपयांतच आपले दफन व्हावे अशी त्याची इच्छा होती, असे परंपरा सांगते. वैयक्तिक राहणीचा साधेपणा, दीर्घोद्योग, शास्त्राध्ययन आणि पंचेचाळीस वर्षांहून अधिक राज्यकारभाराचा अनुभव या कसोट्यांवर त्याला नापास करणे कठीण आहे. आणि तरीही त्याच्या हयातीतच साम्राज्य आतून पोखरले गेले. पित्याला कैदेत आणि भावाला मृत्यूच्या दारात लोटून त्याने राज्य मिळविले. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादून असंख्य प्रजाजनांना आपण या राज्याचे नव्हे असे वाटायला लावले. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना क्रूरपणे ठार केले. राजा मारला की राज्य संपते, हा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात येथील रयतेने राजाविना अठरा वर्षे लढा चालविला. प्रथम राजाराम महाराज जिंजीला आणि मागाहून ताराबाई सह्याद्रीत, एवढाच काय तो राजछत्राचा आधार. साधा, निर्लोभ आणि विद्वान राज्यकर्ता एवढा कसा फसला, या प्रश्नाचे उत्तर प्लेटोनेच आपल्या उत्तरायुष्यात लिहून ठेवले आहे.

मेंढपाळ नव्हे, विणकर

‘स्टेट्समन’ म्हणजे ‘राजपुरुष’ या संवादात प्लेटो राज्यकर्त्याची व्याख्या शोधू लागतो. आरंभी त्याला मेंढपाळाची उपमा सुचते. राजा हा मनुष्यांच्या कळपाचा राखणदार. परंतु लवकरच तो ती बाजूस सारतो. मेंढपाळ हा मेंढरांहून वेगळ्या जातीचा प्राणी असतो; राज्यकर्ता मात्र ज्यांच्यावर राज्य करतो त्यांच्यासारखाच माणूस असतो. मग त्याला दुसरी उपमा सापडते, ती विणकराची. समाजात काही माणसे धाडसी, तापट, झुंजार असतात; काही सौम्य, सावध, शांतताप्रिय असतात. एकाच जातीच्या माणसांचा भरणा झाला तर राज्य एकतर सततच्या युद्धात होरपळते किंवा निमूटपणे गुलाम होते. या दोन स्वभावांना ताणा आणि बाणा समजून त्यांचे एकच घट्ट वस्त्र विणणे, ही राज्यकर्त्याची विद्या होय.

पैठणी आणि हिमरू यांच्या मुलखात ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र नांदते. सुताने रेशमाला हिणवले किंवा रेशमाने सुताला वगळले तर वस्त्रच होत नाही. औरंगजेबाजवळ व्रतस्थपणा होता, पण विणकराचा हात नव्हता. राजपूत, मराठे, दक्षिणी मुसलमान, हिंदू रयत हे सारे धागे त्याच्या मागावर होते. त्याने ते एकामागून एक तोडले आणि उरलेल्या धाग्यांवर सारा ताण टाकला. वैयक्तिक सचोटी हा राज्यकर्त्याचा अलंकार आहे. ती राज्यविद्येची जागा घेऊ शकत नाही. ‘माणूस स्वच्छ आहे’ एवढ्या एका दाखल्यावर आजही सत्ता सोपवावयास निघणाऱ्या मतदाराने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

न्यायाचे वर्तुळ मोगलांच्या दक्षिणेत कसे तुटले, याचे आर्थिक विवेचन इरफान हबीब, सतीश चंद्र आणि अथर अली यांच्या संशोधनात विस्ताराने आले आहे. मोगल मनसबदाराला वेतनाऐवजी जहागीर मिळे आणि ती सामान्यतः तीन-चार वर्षांत बदलली जाई. आज आहे ती उद्या नाही, अशी जहागीर हाती आलेला सरदार विहीर कशाला खणील आणि बांध कशाला घालील? शक्य तितके ओरबाडून घेणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपण ठरते. त्यात दक्षिणेतील सरदारांना फोडण्यासाठी मनसबींची खैरात झाली. मनसबदार वाढले आणि वाटायला जहागिरी उरल्या नाहीत. कागदावरची ‘जमा’ आणि हाती पडणारा वसूल यांतील दरी रुंदावत गेली. सैन्यासाठी द्रव्य हवे, द्रव्यासाठी रयत पिळावी, पिळलेली रयत पळावी किंवा मराठ्यांना मिळावी आणि तिला दाबण्यासाठी पुन्हा सैन्य हवे. न्यायाचे वर्तुळ असे उलटे फिरू लागले. शिवाजी महाराजांनी जहागिरी देण्यापेक्षा रोख वेतनावर भर दिला आणि लष्कराने रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नये अशी ताकीद १६७३ मध्ये दिली, यामागे याच आर्थिक सत्याची जाण होती.

ॲरिस्टॉटलला मिळालेले उत्तर

औरंगजेबाच्या कबरीपासून फार दूर नसलेल्या मलिक अंबरच्या घुमटापाशी माणसांची वर्दळ क्वचितच असते. परंतु ग्रीक राज्यविचाराच्या दृष्टीने खुलताबादेतील सर्वांत बोलकी वास्तू हीच आहे. कारण ती ॲरिस्टॉटलच्या सर्वांत मोठ्या चुकीचे खंडन आहे.

‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ॲरिस्टॉटल गुलामगिरीचे समर्थन करतो. काही माणसे जन्मतःच आज्ञा करण्यासाठी आणि काही आज्ञा पाळण्यासाठी घडलेली असतात. गुलाम हे एक जिवंत अवजार होय, असे त्याचे म्हणणे. मागावरचा धोटा आपोआप चालू लागला तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही, असेही तो जाता जाता म्हणतो. आपल्या सिद्धांताच्या मुळाशी निसर्ग नसून मजुरीचा हिशेब आहे, याची ही नकळत दिलेली कबुलीच होय. गंमत अशी की, त्याचे गुरू प्लेटो यांनाच एकदा गुलाम म्हणून विकण्यात आले होते, अशी जुनी कथा आहे. सिसिलीतील सिराक्यूजच्या हुकूमशहाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला ते गेले, त्याचा रोष ओढवला आणि बाजारात उभे राहण्याची पाळी आली. एका परिचिताने पैसे भरून त्यांना सोडविले. कथा खरी असेल तर जगातील सर्वांत मोठा तत्त्वज्ञ काही काळ ‘जिवंत अवजार’ होता.

मलिक अंबर ॲबिसिनियातला. लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत अहमदनगरला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर जे राज्य संपले असे सर्वांनी धरले होते, ते या माणसाने आणखी पाव शतक उभे ठेवले. मराठा सरदार त्याच्या सैन्यात होते. वेरूळच्या भोसल्यांचे शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली, तीच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर झाली. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याला वाटेल ती दूषणे दिली. पण त्याच दरबारच्या इतिहासकाराने अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतित्वाचा आणि कारभाराचा मुक्तकंठाने गौरव केला.

त्याची खरी थोरवी मात्र रणांगणाहून जमीन महसुलात दिसते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदविल्याप्रमाणे, अंबरने महसुलाची मक्तेदारी बंद केली, मोडकळीस आलेली गावगाड्याची व्यवस्था सावरली आणि प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा काही हंगाम घेऊन पाहून मग तो पेरणीच्या मानाने रोकड रकमेत ठरविला. यात तीन गोष्टी आहेत आणि त्या तिन्ही आजच्या अर्थशास्त्राला मान्य होतील. दलाल काढून टाकणे, अनुभवाने दर ठरविणे आणि शेतकऱ्याला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येईल इतकी निश्चिती देणे. त्याच्या जोडीला खडकीसाठी त्याने बांधलेली भूमिगत नहर. तिचे पाणी केवळ जमिनीच्या उताराने कित्येक पिढ्या शहराला मिळत राहिले. न्यायावाचून रयत नाही आणि रयतेवाचून द्रव्य नाही, हे सूत्र अंबरच्या कारभारात उतरलेले दिसते. जन्मतः गुलाम असे काही नसते, हा त्याच्या चरित्राचा निष्कर्ष ॲरिस्टॉटलच्या तर्काहून भक्कम आहे.

परंतु येथे थांबता येत नाही. अंबर गेल्यावर त्याचा मुलगा फत्तेखान कारभारी झाला, त्याने आपल्याच सुलतानाचा घात केला आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. १६३६ साली निजामशाहीचे नाव पुसले गेले. एवढ्या समर्थ पुरुषाने उभे केलेले राज्य त्याच्या मागे जेमतेम दहा वर्षे टिकले. याचे कारण सारे कौशल्य एका मस्तकात साठविलेले होते. त्याला आळा घालणारी, त्याच्यानंतर चालणारी, रयतेला आपली वाटणारी संस्था मागे नव्हती.

आळीपाळीने राज्य

आसफजहाच्या कबरीचा धडा याहून वेगळा आहे. हा शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या दर्ग्यात विसावलेला मुत्सद्दी औरंगजेबाच्या हाताखाली वाढला होता; धन्याच्या चुका त्याने जवळून पाहिल्या होत्या. मराठ्यांशी शक्य तोवर सलोखा ठेवावा, रक्तपाताला भ्यावे, असा उपदेश त्याने मुलाला केल्याचे सांगतात. १७२४ पासून रुजलेले त्याचे घराणे १९४८ पर्यंत टिकले. म्हणजे टिकण्याच्या कसोटीवर हे राज्य उतरले. तथापि सव्वादोनशे वर्षांत येथील प्रजा नागरिक झाली नाही. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच बंदीस पात्र ठरली आणि स्वामी रामानंद तीर्थांना सत्याग्रह करून तुरुंगात जावे लागले. मराठवाड्याच्या वडीलधाऱ्या पिढीला यापलीकडचे सांगायला नको.

नेमके हेच अंतर ॲरिस्टॉटलने फार नेमकेपणाने ओळखले होते आणि येथे त्याची थोरवी मान्य करावीच लागते. धन्याने चाकरावर, बापाने मुलांवर चालविलेली सत्ता वेगळी. आणि स्वतंत्र, समान माणसांवर चालविलेली राजकीय सत्ता वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या सत्तेत राज्यकर्ता आणि प्रजा या दोन जाती नसतात. नागरिक आळीपाळीने राज्य करतो आणि राज्य करवून घेतो. ज्याला आज्ञा पाळता आली नाही, त्याला चांगली आज्ञा करता येत नाही. दीडशेहून अधिक नगरांच्या राज्यघटना जमवून अभ्यासणाऱ्या माणसाने अनुभवान्ती काढलेला हा निष्कर्ष आहे.

हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. मलिक अंबरने वसविलेल्या शहराच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. प्रारंभी करोनाची साथ, मग प्रभागरचना आणि आरक्षणाचे न्यायालयीन वाद, अशा कारणांनी पाच वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सभागृह नव्हते. सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर अनेक महापालिकांची आणि जिल्हा परिषदांचीही २०२२ नंतर तीच स्थिती झाली. प्रशासक ठराव मांडणार आणि त्यालाच मंजुरीही देणार. अंदाजपत्रक एकाच दालनात जन्मणार आणि तेथेच संमत होणार. आश्चर्य याचे नव्हे. आश्चर्य हे की, सुशिक्षित मध्यमवर्गातील पुष्कळांना त्यात काही वावगे वाटले नाही. ‘नगरसेवक नसले की कामे बरी होतात’, हे वाक्य चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू येत होते.

या वाक्यात तथ्य नाही असे नाही. टक्केवारी, गटबाजी, सभागृहातील राजदंडाची पळवापळवी हे सारे लोकांनी पाहिले आहे आणि प्रशासकीय सेवेत निष्ठेने राबणारे अधिकारीही पाहिले आहेत. प्लेटो आज असता तर त्याने प्रशासकाच्याच बाजूने कौल दिला असता. वैद्याची निवड कोणी हात वर करून करतो काय, असे त्याने विचारले असते. परंतु ॲरिस्टॉटलने त्याला दिलेले उत्तर अंगतपंगतीच्या उदाहरणाने समजते. एकाच श्रीमंताने दिलेल्या मेजवानीपेक्षा प्रत्येकाने आपापला डबा आणून केलेली अंगतपंगत पुष्कळदा अधिक रुचकर होते, तसेच सामान्य माणसे एकेकटी शहाणी नसली तरी एकत्र बसली म्हणजे त्यांच्या शहाणपणाची बेरीज शहाण्याला मागे टाकू शकते. शिवाय जेवण कसे झाले हे आचारी नव्हे, जेवणारा ठरवितो. घर कसे बांधले हे गवंड्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक कळते. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीला जलवाहिनीचे गणित येत नसेल. पण घागर कधी रिकामी राहिली हे तिच्याइतके कोणत्याही अभियंत्याला ठाऊक नसते. १६८० कोटी रुपयांची म्हणून २०२० च्या अखेरीस आरंभलेली या शहराची पाणीयोजना सारा प्रशासकीय कालखंड ओलांडूनही रखडत राहिली. म्हणजे लोकप्रतिनिधी नसणे ही कार्यक्षमतेची हमी नव्हे. फक्त जाब कोणाला विचारायचा, हे मात्र कळेनासे होते.

अथेन्सच्या पाचशे जणांच्या मंडळाची निवड चिठ्ठ्या टाकून होत असे. ॲरिस्टॉटल त्याला लोकशाहीचे लक्षण मानतो. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा तहसील कार्यालयात जी गर्दी होते, तिच्यात त्या जुन्या युक्तीचा दूरचा प्रतिध्वनी आहे. तेथे चिठ्ठी माणूस ठरवीत असे, येथे ती केवळ प्रवर्ग ठरविते, हा भेद आहेच. पण हेतू एकच, सत्ता ठरावीक घराण्यांच्या अंगणात मुरू नये. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ही रचना पक्की केली आणि २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. अथेन्सने ज्यांना सभेची पायरीही चढू दिली नाही, त्या स्त्रिया आणि जन्माच्या नावाखाली ज्यांना सेवेलाच जुंपले गेले ते समाज आज ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसतात. पुष्कळ ठिकाणी पदर बाईचा आणि कारभार नवऱ्याचा असतो, हे मान्य. तरी शिकण्याची सुरुवात खुर्चीवर बसल्यावाचून होत नाही, हाही अनुभव आहे.

औरंगजेबाची सचोटी, अंबरचे कौशल्य आणि आसफजहाचा धोरणीपणा हे तिन्ही गुण आपल्याला हवेच आहेत. लोकशाही म्हणजे गुणांची हेटाळणी नव्हे. पण या तिघांच्या कबरी सांगतात की गुणवान धन्याच्या शोधात निघालेला समाज शेवटी धनीच मिळवितो, राज्य मिळवीत नाही. बर्निएच्या गोष्टीतील बादशहाने गुरूला दोष दिला. तो आपल्यालाही द्यावा लागेल काय, याचा विचार शिक्षकाच्या पेशातील आम्हा मंडळींनी करायला हवा. नागरिकशास्त्र हा विषय शाळेत कमी गुणांचा म्हणून उरकला जातो आणि महाविद्यालयात तो पुन्हा सहसा भेटत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक कसे वाचावे, ग्रामसभेत हिशेब कसा मागावा, हे न शिकलेला पदवीधर उद्या पुन्हा एखाद्या कर्तबगार प्रशासकाची वाट पाहत बसेल.

अंबरच्या नहरीचे पाणी जमिनीखालून, कोणाला न दिसता शहरभर पोहोचत असे. चांगल्या राज्यव्यवस्थेचेही असेच असते. मात्र नहर गाळाने भरली तर ती साफ करायला अंबर कबरीतून उठून येत नाही. ज्यांच्या घरी पाणी जाते त्यांनाच कुदळ-फावडे घेऊन उतरावे लागते.